भाताचा कान आणि हिराबाईचा दिवा

ट्रे एकवीस होते. हा आकडा मी पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. कारण हा दिवाळी अंक टाकव्याच्या वरच्या ठाकरवाडीत हिराबाईच्या घरी जाणार, तिची सून तो तिला मोठ्याने वाचून दाखवणार, आणि मी एकविसाचे दोनशे केले तर ती म्हातारी काठी टेकत डोंगर उतरून परंदवडीला माझ्या दारात येऊन उभी राहणार. थापा नाही मारत. एकदा आली होती.

मी तीस वर्षं वनस्पतींच्या एका संशोधन केंद्रात तंत्रज्ञ होतो. शास्त्रज्ञ म्हणजे डोकं आणि आम्ही म्हणजे हात, अशी वाटणी. गावात मात्र 'दत्ता हार्मोनच्या कारखान्यात आहे' एवढंच पसरलं होतं. त्यामुळे रविवारी माझ्या ओसरीवर दवाखाना भरायचा. कोणी थायरॉइडची फाइल घेऊन यायचं. सख्ख्या मेहुण्याने टक्कल पुढे करून, 'दाजी, शिंपडून तर बघा,' म्हणून सांगितलं. एका पैलवानाला दंड वाढवायचे होते. त्याला मी म्हणालो, 'बाबा, आमचं हार्मोन भाताचं. प्यालास तर उजेडाकडे वाकशील.' तो पैलवान अजूनही दुपारचा सावलीसावलीने चालतो, असं म्हणतात. म्हणणारा मीच.

तर आधी धंदा समजावून सांगतो. झाडाला मेंदू नाही, तरी त्याच्या अंगात निरोप फिरत असतात. भाताचं बी रुजलं की कोंबाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचा एक निरोप तयार होतो, खाली उतरतो आणि पेशींना सांगतो, 'वाढा.' एका अंगाने उजेड आला, तर हा निरोप अंधाऱ्या अंगाला जास्त जातो. ते अंग जास्त वाढतं आणि कोंब उजेडाकडे वाकतो. हे सगळं शाळेच्या पुस्तकात आहे. निरोप सापडून जमाना झाला. प्रश्न एवढाच, की तो ऐकतं कोण? पेशीत लाखो प्रथिनं. त्यांतलं एखादंच असं, की जे त्या निरोपाचा हात धरतं आणि पुढची चक्रं फिरवतं. पुस्तकात त्याला ग्राही प्रथिन म्हणतात. मी कान म्हणतो. आमच्या केतकी मॅडमना भाताचा कान हवा होता. अख्खा, जिता आणि ऐकू येणारा.

मॅडम पुण्याच्या. बोलणं कमी, चष्मा जाड आणि रागावल्या तर आवाज आणखी हळू व्हायचा. हल्ली जिवाणूंच्या पोटात पाहिजे ते प्रथिन बनवून घेतात. मॅडमनी तेही करून पाहिलं. जिवाणूंनी कान बनवला, पण बहिरा. शेजारी हार्मोन ओतलं तरी ढिम्म. मग ठरलं, की खुद्द भाताच्या कोंबातूनच काढायचा, आणि तोही अंधारात वाढवलेल्या कोंबातून. उजेड लागला की रोप हिरवं होतं, हिरवेपणाची प्रथिनं गर्दी करतात आणि त्या जत्रेत आपला कान हरवतो. शिवाय तो कमीही होतो.

अंधारात वाढवलेले कोंब खुडायचे, बर्फाच्या थंडीत वाटायचे, गाळायचे, यंत्रात गरगरा फिरवायचे आणि तो रस मण्यांनी भरलेल्या काचेच्या नळीतून थेंबथेंब सोडायचा. ही नळी म्हणजे आमच्या धंद्याचं देवघर. लोणावळा स्टेशनबाहेर खंडाळ्याच्या हॉटेलांचे ड्रायव्हर पाहुण्याच्या नावाची पाटी धरून उभे असतात, ते आठवा. गाडीतून शेकडो माणसं उतरतात आणि सरळ निघून जातात. ज्याचं नाव पाटीवर, तोच थांबतो. आमच्या नळीतल्या प्रत्येक मण्याच्या हातात ऑक्सिनची पाटी होती. बाकीची प्रथिनं वाहून जायची, कान तेवढा थांबायचा. नंतर वरून मोकळं ऑक्सिन सोडलं की मण्यांना सोडून तो त्याच्याबरोबर खाली यायचा.

हे सारं चार अंशांच्या थंड खोलीत. मी वैशाखातही स्वेटर आणि कानटोपी घालून कामाला असायचो. खोलीच्या काचेतून बाहेर बघावं तर माळी उघड्या अंगाने घाम पुसतोय. कोंब गोठवायला लागणारा द्रवरूप नायट्रोजन टेम्पोतून यायचा. एका पावसाळी शनिवारी तो टेम्पो खंडाळ्याच्या घाटात अडकला. बोगद्यापासून लोणावळ्यापर्यंत गाड्याच गाड्या, आणि आमच्या पिंपाच्या झाकणातून पांढरा धूर. एक मुंबईकर छत्री घेऊन आला आणि म्हणाला, 'भैया, कुल्फी है क्या?' मी म्हणालो, 'आहे. पण एकच खाता येते. दुसरी खायला जीभ राहत नाही.' त्याने बायकोला जाऊन सांगितलं, की मराठी माणसाला धंदा करता येत नाही.

असो. कानाकडे वळतो, नाहीतर हिराबाई म्हणेल, भरकटला.

तीन वर्षं झाली तरी कान हाती लागत नव्हता. अडत होतं पहिल्याच पायरीला. अंधाऱ्या खोलीत कोंब नीट वाढायचेच नाहीत. कुठे बुरशी, कुठे कुजका वास, कुठे चार कोंब उंच तर चाळीस बुटके. आणि वेळ संपत आला होता. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी तपासणी समिती येणार होती. कान आहे आणि तो ऐकतो, हे दाखवता आलं नाही तर काम बंद होणार होतं. मॅडमनी हे मला एकाच वाक्यात सांगितलं, आणि इतक्या हळू, की मी समजायचं ते समजलो.

हिराबाई आमच्याकडे झाडलोट करायची. ठाकरवाडीची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, कपाळावर गोंदण आणि तोंडात कायम काहीतरी. एके दिवशी मी कुजलेले ट्रे बाहेर ओतत होतो. ती झाडू टेकवून बघत राहिली.

"भाऊ, ह्ये काय पेरलंय तुमी?"

"भात."

"ह्यो भात न्हाई. ह्यो उकिरडा हाय."

मॅडम मागेच उभ्या होत्या. मला वाटलं, आता बाईची नोकरी जाते. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्ही कसं कराल?"

हिराबाईने जे केलं ते आमच्या एकाही पुस्तकात नव्हतं. पहिल्यांदा बी मिठाच्या पाण्यात सोडलं. तरंगलं ते फोल म्हणून फेकलं. उरलेलं धुऊन, कोमट पाण्यात भिजवून फडक्यात बांधलं, पेंढ्यात पुरलं आणि वर धोंडा ठेवला. आम्ही ज्यात पेरायचो तो कुजका भुसा तिने नाकारला आणि मला लोणावळ्याला शेंगा-फुटाणे भाजणाऱ्याकडे पिटाळलं. त्याच्या भट्टीत रोज तापून तापून काळी झालेली वाळू आणायला. त्या वाळूत बुरशीची काय बिशाद? पाणी झारीने नाही, पळसाच्या पानाने शिंपडायचं. आम्ही लाखाच्या यंत्रांनी जे जंतू मारू शकलो नव्हतो, ते फुटाणेवाल्याने फुकट मारून दिले होते. आठव्या दिवशी चाचणीचा ट्रे बाहेर काढला तर कोंब असे, की पांढऱ्या रेशमाची लड उलटी उभी केलीय. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. त्यांच्या मानाने तो नाचच.

मग मोठा हंगाम ठरला. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पेरायचं आणि सहाव्या माळेला खुडायचं. तीन रॅक, प्रत्येकावर सात ट्रे. वाटण्या-गाळण्याला तीन-चार दिवस, की दसरा. दुसरी संधी नव्हती. पुन्हा पेरलं असतं तर कोंब यायच्या आधी समिती आली असती.

इथे माझी चूक सांगतो. काम हिराबाईवर सोपवताना अंधार कशासाठी, हे तिला सांगायला हवं होतं. कॉलेजची पोरं सहलीला आली की त्यांना मी ऑक्सिनवर दोन-दोन तास ऐकवायचो. कंटाळून पोरं चहाला पळायची, तरी मी सुरूच. पण झाडलोट करणाऱ्या बाईला सांगायचं तर मला कंटाळा आला. त्यापेक्षा सोपी थाप होती. मी म्हणालो, 'मावशी, हे आपले घटच समज. एकवीस घट. तुझ्या घरच्या घटाला जसं जपतेस तसं जप. आत बल्ब लावायचा नाही, ही हिरवी बॅटरी तेवढी वापर, आणि दार उघडं टाकायचं नाही.' हिरवा मंद उजेड कोंबांना फारसा कळत नाही, म्हणून ती बॅटरी. हेही मी तिला सांगितलं नाही.

घट म्हटल्यावर तिने पदर डोक्यावर घेतला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सहाव्या माळेच्या सकाळी मॅडम, मी आणि हिराबाई अंधाऱ्या खोलीत गेलो. हिरव्या बॅटरीची गरजच पडली नाही. कोपऱ्यात पालथ्या डब्यावर तेलाची पणती तेवत होती. रॅकच्या कडेला झेंडूची माळ होती. आणि पणतीकडच्या रॅकवरचे सातच्या सात ट्रे तिच्याकडे झुकलेले. हजारो कोंब, एकही चुकार नाही. आरतीला गाव वाकावं तसे. शेंड्यांना पोपटी झाक चढायला लागली होती.

तीस वर्षांत मी ऑक्सिनचं काम इतकं देखणं पाहिलं नाही, आणि इतकं भीतीदायकही नाही.

मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "दिवा कुणी लावला?"

"म्या," हिराबाई म्हणाली. "पाच माळा झाल्या तरी कुनी लावंना. घट अंधारात ठेवत्यात व्हय? काल सांजचं घरनं तेल आनलं."

"हे घट आहेत असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

हिराबाईने माझ्याकडे पाहिलं. एवढंसं. तेवढ्यात तिला सगळं कळलं, की काहीतरी मोठं नासलंय आणि कोणाच्या तोंडामुळे.

"कुनी न्हाई," ती म्हणाली. "माजं मलाच वाटलं."

आणि मी, जो घाटात कुल्फीवर भाषण देतो, गप्प राहिलो. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलाच्या वर ज्याचा आवाज जातो, तो मी. तोंड उघडलं नाही.

मॅडमनी वेळ घालवला नाही. पणतीलगतचा रॅक गेला. मधला निम्माशिम्मा वाकलेला, तोही सोडला. तिसरा रॅक मधल्याच्या सावलीत होता, तिथले कोंब सरळ आणि पांढरे. एकविसातले सात. "एवढ्यातच करायचं," त्या म्हणाल्या. आम्ही हिरव्या बॅटरीत कोंब खुडले आणि थंड खोलीत शिरलो. इकडे कार्यालयातल्या साहेबांना बंद खोलीतल्या उघड्या ज्योतीची बातमी लागली. ते चुकीचं बोलत नव्हते, आग लागली असती. त्यांनी हिराबाईला प्रयोगशाळेच्या इमारतीत पाय ठेवायला बंदी केली. फाटकापाशी पालापाचोळा झाडायला लावलं आणि महिना संपला की कामावरून कमी करायचं ठरवलं.

एकवीस ट्रेच्या हिशोबाने मांडलेलं काम सात ट्रेत करायचं, म्हणजे प्रत्येक पायरीला जे सांडतं, चिकटतं, मरतं, ते होऊ द्यायचं नाही. प्रथिन हे नाजूक काम. जरा ऊब लागली की त्याच रसातली दुसरी प्रथिनं त्याचे लचके तोडतात. मी बोटं बधिर होईतो बर्फावर वाटत होतो. मॅडम भांड्याच्या कडेचा थेंबसुद्धा पुसून घेत होत्या.  थंड खोलीत श्वासाची वाफ तेवढी दिसायची, आणि माझ्या वाफेत माझं पाप मला स्पष्ट दिसत होतं.

आमचा एक शिरस्ता होता. मी थंड खोलीत असलो की अकरा वाजता हिराबाई दाराबाहेरच्या स्टुलावर गवती चहा घातलेला कोरा चहा ठेवायची, वर बशी झाकून. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी सवयीने दार उघडलं. स्टुलावर काही नसणार हे माहीत होतं.

चहा होता. बशी होती. बशीवर वाऱ्याने उडू नये म्हणून एक खडा ठेवलेला. माळ्याला विचारलं, तर तो म्हणाला, मावशीने फाटकापासून त्याच्या हाती पाठवला.

तो चहा मला प्यायला जमेना. मी आत गेलो. नळीतून थेंब पडत होते आणि मॅडम ते मोजत होत्या. मी म्हणालो, "मॅडम, घट मी म्हणालो होतो. तिला अंधाराचं कारण सांगितलं नाही. सोपं पडलं म्हणून थाप मारली."

त्यांनी मोजणं थांबवलं नाही. बरेच थेंब गेले.

"मला कालच कळलं होतं, दत्ताभाऊ," त्या म्हणाल्या. "या इमारतीत घट-बिट बोलणारे तुम्ही एकटेच. मी वाट बघत होते." आणि आणखी एक थेंब मोजून, "मीही तिला सांगितलं नव्हतंच की. चला, नळी मी बघते. तुम्ही कार्यालयात जाऊन लिहून द्या."

मी लिहून दिलं. पहिला मसुदा तीन पानांचा झाला. त्यात मावळच्या संस्कृतीचा इतिहास होता, अंधाराचं तत्त्वज्ञान होतं. तो फाडला. दुसरा दोन ओळींचा झाला. साहेबांनी वाचला आणि तिथल्या तिथे मला मेमो दिला. तीस वर्षांतला माझा एकुलता एक मेमो. हिराबाईचं नाव कमी करायच्या यादीतून निघालं. आम्ही गेली तीन वर्षं लग्नाच्या फोटोशेजारी तो मेमो लावलाय. बायको म्हणते, दोन्हींत तुमचा चेहरा सारखाच आहे. मेमोत फोटो नसतो, पण तिचं म्हणणं मला पटतं.

फाटकापाशी जाऊन मी हिराबाईला अंधाराचं कारण सांगितलं. सगळं, निरोपापासून कानापर्यंत, पालापाचोळ्याच्या ढिगावर बसून. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "ह्ये आदी सांगितलं असतं तं दिवा दाराभायेर लावला असता. देवीला काय, दोन पावलं मागंम्होरं चालतंय."

तीस वर्षांत इतका सोपा तोडगा मला कोणी दिला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नळीत मोकळं ऑक्सिन सोडलं. जे खाली आलं, ते मोकळं ऑक्सिन धुऊन काढल्यावर बोटभर कुपीत मावलं. आता ते खरंच कान आहे का, याची परीक्षा. त्यासाठी खूण लावलेलं ऑक्सिन असतं. ते प्रथिनाने धरलं की यंत्र टकटक मोजतं. पहिला आकडा मोठा आला. कशाला तरी धरलंय. मग त्यात बिनखुणेचं ऑक्सिन भरपूर ओतलं. खऱ्या कानावर गर्दी झाली तर खुणेच्या ऑक्सिनला जागा उरत नाही आणि आकडा पडतो. आकडा पडला. शेवटी नव्या थेंबात, बिनखुणेच्या ऐवजी, ऑक्सिनसारखा दिसणारा पण ऑक्सिन नसलेला एक बहुरूपी पदार्थ घातला. नुसतं चिकट प्रथिन असतं तर फसलं असतं आणि आकडा पडला असता. आकडा जागचा हलला नाही.

मॅडम स्टुलावर बसल्या. मी फेटा उडवणार होतो, पण डोक्यावर कानटोपी होती.

पुढे समिती आली, आकडे बघून त्यांनी माना डोलावल्या, आणि काम चालू राहिलं. आजही चालू आहे. त्या कानाचा आकार कसा, ऑक्सिन त्याच्या कुठल्या खाचेत बसतं, हे आता माझ्यापेक्षा हुशार पोरं शोधतायत. ते त्यांचं त्यांनी लिहावं.

मला लिहायचंय ते, कान ऐकतो हे कळलं, त्याच दुपारचं. मॅडम म्हणाल्या, "मावशींना बोलवा." मी फाटकातून हिराबाईला घेऊन आलो. थंड खोलीत जाताना मी माझा स्वेटर तिच्या अंगावर घातला, मॅडमनी स्वतःची शाल तिच्या डोक्यावरून गुंडाळली. त्या अवतारात ती आत उभी राहिली, तोंडातून वाफ काढत आणि त्या वाफेकडे संशयाने बघत. मॅडमनी कुपी उजेडासमोर धरली.

हिराबाईने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. आत पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं. दिसणारच नव्हतं.

"ह्यात काय बी न्हाई," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या तोंडी सजवलेलं वाक्य आलं नाही. मी म्हणालो, "आहे, मावशी. तुझ्याच भाताचा कान आहे. दिसत नाही, पण ऐकतो."

हिराबाईने माझ्याकडे पाहिलं, अगदी पणतीच्या त्या सकाळी पाहिलं होतं तसं, एवढंसं. मग तिने माझ्याकडे पाठ केली आणि मॅडमना विचारलं,

"बाई, ह्यो खरं बोलतोय का?"

मॅडम म्हणाल्या, "या वेळेला, हो."

तेव्हा कुठे तिने शालीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि कुपीला हात जोडले.